मार्ल्सवर्थचं जड पाणी

रेग टनिक्लिफच्या अंगात रक्त नसून मार्ल्सवर्थचं पाणी खेळतंय, असं त्याची बायको मेव्हिस म्हणायची. ती ते वैतागून म्हणायची आणि रेगला ते कौतुक वाटायचं. ट्रेंट नदीकाठी, जिप्समच्या टेकड्यांच्या पायथ्याशी वसलेल्या त्या गावाचं पाणी भयंकर जड होतं. किटलीच्या बुडाशी महिन्याभरात पांढरी पुटं चढत आणि साबणाला फेस येता येत नसे. दुसऱ्या कुठल्या गावानं अशा पाण्याबद्दल अर्ज-विनंत्या केल्या असत्या. पण याच पाण्यावर त्या मुलखातल्या बिअरनं नाव काढलं होतं, कारण जिप्समच्या पाण्यात हॉप्सच्या फुलांचा कडवटपणा कसा स्वच्छ, खणखणीत उतरतो. रेगचा बाप एमॉस चाळीस वर्षं एका बिअरच्या कारखान्यात लाकडी पिंपं बांधायचा आणि घरामागच्या शेडमध्ये स्वतःपुरती बिअर करायचा. तेव्हा रेगला पाण्याचा अभिमान असणं ओघानं आलंच.

हा अभिमान तो पाहुण्यांना चहातून पाजायचा. मेव्हिसच्या हातचा चहा कपात पडला, की तो कप उजेडाकडे धरून म्हणायचा, "बघा. हा रंग, ही चव. हे मार्ल्सवर्थचं पाणी आहे." पाहुणे मार्ल्सवर्थचेच असायचे आणि आपल्या घरी असा चहा का होत नाही याचा विचार करत माना डोलवायचे. त्यांच्या घरच्या चहावर तवंग यायचा. त्याचंही कारण रेगकडे तयार होतं. लोक टीपॉट आधी गरम करून घेत नाहीत, असं त्याचं मत होतं, आणि दुसऱ्याकडे गेला की तो चहा अर्धा टाकून यायचा.

रेग वजनं-मापं खात्यात छत्तीस वर्षं निरीक्षक होता. जिल्ह्यातल्या प्रत्येक पबमधला पिंटचा ग्लास त्यानं तपासला होता. बाप गेला तेव्हा त्यानं गावच्या ऑगस्टमधल्या प्रदर्शनाला बापाच्या नावानं चांदीचा चषक दिला, घरगुती बिअरसाठी. मोठमोठे भोपळे, स्वीट पीची फुलं आणि जॅमच्या बरण्या यांच्या जोडीला त्या तंबूत बिअरचं टेबल आलं ते तेव्हापासून. स्पर्धेची नियमावलीही रेगनंच लिहिली. त्यातला नववा नियम असा की सलग तीन वर्षं जिंकणाऱ्याला चषक कायमचा घरी नेता येईल. असं कोणी जिंकेल ही शक्यता रेगनं धरलेलीच नव्हती. नियमावलीला जरा वजन यावं एवढ्यासाठीच तो नियम होता.

आणि मग शेजारच्या घरात मिस्टर एंटविसल राहायला आले.

ते मँचेस्टरचे. रसायनशास्त्राचे निवृत्त मास्तर. मँचेस्टरचं पाणी म्हणजे डोंगरावरून आलेलं, अगदी मऊ, रेगच्या शब्दांत 'नळातून येणारा पाऊस'. त्या पाण्यावर वाढलेल्या माणसानं मार्ल्सवर्थमध्ये येऊन पहिल्याच वर्षी एमॉस टनिक्लिफचा चषक जिंकला. दुसऱ्या वर्षीही जिंकला. निवृत्तीनंतर बापाची जुनी भांडी घासूनपुसून, स्वयंपाकघरातच बिअर करून रेगही त्या दोन्ही वर्षी स्पर्धेत उतरला होता. पहिल्या वर्षी परीक्षकांनी त्याच्या बिअरबद्दल 'खारट' असा शेरा मारला आणि दुसऱ्या वर्षी 'खारट, तरीही मिळमिळीत'. यातला 'तरीही' रेगच्या फार जिव्हारी लागला.

आता तिसरं वर्ष आलं होतं. या ऑगस्टमध्ये एंटविसल जिंकले, तर बापाचं नाव कोरलेला चषक कायमचा एका मँचेस्टरवाल्याच्या शेकोटीवरच्या फळीवर जाऊन बसणार होता, आणि तोही रेगनं स्वतःच्या हातानं टाईप केलेल्या नियमानुसार. मे महिना उजाडला तशी रेगची झोप उडाली.

एंटविसल वाईट असते तर सोपं होतं. पण माणूस कमालीचा सभ्य. कुंपणापलीकडून ते फार हळुवारपणे म्हणाले, "मिस्टर टनिक्लिफ, राग येणार नसेल तर एक सांगू? एकदा तुमचं पाणी तपासून बघा."

"मार्ल्सवर्थचं पाणी?" रेग म्हणाला. एखाद्यानं आईचं चारित्र्य तपासायला सांगावं तसा त्याचा चेहरा झाला.

"तुमच्या नळाचं," एंटविसल म्हणाले आणि त्यांनी खिशातून कागदी पट्ट्यांची एक डबी काढून दिली. पट्टी पाण्यात बुडवायची आणि बदललेला रंग डबीवरच्या रंगांशी ताडून बघायचा. हिरवी राहिली तर पाणी मऊ, लालभडक झाली तर जड.

रेगनं डबी घेतली ती केवळ एंटविसलना खोटं पाडण्यासाठी. घरात येऊन त्यानं स्वयंपाकघरातल्या नळाचं पाणी पेल्यात घेतलं आणि पट्टी बुडवली. पट्टी हिरवी राहिली. दुसरी बुडवली, तीही हिरवी. आठ पट्ट्या संपल्या तेव्हा ओट्यावर हिरव्या पट्ट्यांची रांग लागली होती आणि रेग खुर्चीत बसला होता. मेव्हिस तिथेच वाटाणे सोलत होती. तिनं एकदा पट्ट्यांकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे पाहिलं आणि ती वाटाणे सोलत राहिली.

छत्तीस वर्षं मापात पाप शोधलेल्या माणसाला यातून एकच निष्कर्ष काढता येत होता. पाणी कंपनीनं गावचं पाणी बदललं होतं. मार्ल्सवर्थच्या विहिरींचं अस्सल जड पाणी कुठेतरी पळवून, त्याच्या जागी कुठल्यातरी डोंगराचं फुकट पाणी नळांत सोडलं होतं, आणि गावाला पत्ता नव्हता.

त्यानं कंपनीला पत्र लिहिलं. कंपनीनं छापील अहवाल पाठवला. त्यात कॅल्शियम भरपूर, सल्फेट भरपूर, सगळं बापाच्या काळातल्यासारखंच. रेगनं लिहिलं की हा अहवाल खोटा आहे. कंपनीनं लिहिलं की सांडपाण्याच्या वासाबद्दलची आपली तक्रार नोंदवली आहे. रेगनं लिहिलं की तक्रार सांडपाण्याची नाही, पिण्याच्या पाण्याची आहे, आणि वासाची नाही, कॅल्शियमची आहे. त्यावर पाण्यात कॅल्शियम जास्त असल्यास आरोग्याला अपाय नाही, असं एक माहितीपत्रक आलं. रेगनं पुन्हा लिहिलं की जास्त नाही, कमी आहे. कंपनीत अशी तक्रार आजवर कोणी केलेली नसावी, कारण नंतर तीन आठवडे काहीच उत्तर आलं नाही.

पण ऑगस्ट कोणासाठी थांबणार नव्हता. एका पुस्तकात वाचून रेगनं स्वतःच पाणी दुरुस्त करायचं ठरवलं. गावच्या जुन्या पाण्याचे आकडे अहवालात होतेच. नळाच्या पाण्यात काहीच नाही असं धरून त्यानं गणित मांडलं. एवढं जिप्सम, एवढं एप्सम सॉल्ट. आता मार्ल्सवर्थच्या माणसानं मार्ल्सवर्थच्या नळाच्या पाण्यात पुड्या टाकून मार्ल्सवर्थचं पाणी तयार करायचं, यातला अपमान त्याला कळत नव्हता असं नाही. तो दार लावून पुड्या टाकायचा.

जिप्समसाठी मेव्हिसच्या भावानं, नेव्हिलनं, सल्ला दिला. नेव्हिल प्लंबर होता आणि कुठलाही सल्ला ठामपणे द्यायचा. जिप्सम म्हणजे प्लास्टर ऑफ पॅरिसच की, असं म्हणून त्यानं कामावरची उरलेली अर्धी पिशवी आणून दिली. रेगनं मेव्हिसच्या जॅमच्या पातेल्यात ते कोमट पाण्यात कालवलं आणि फोन वाजला म्हणून बाहेर गेला. परत आला तेव्हा पातेल्यात ढवळायचा डाव ताठ उभा होता. पातेलं आणि डाव आजही एकमेकांपासून वेगळे झालेले नाहीत. ते बागेत आहेत आणि त्यावर पक्षी बसतात. खरं जिप्सम शेवटी टपालानं मागवावं लागलं.

एप्सम सॉल्टची गोष्ट आणखी नाजूक. ते औषधाच्या दुकानात मिळतं आणि गावात ते एकाच कामासाठी घेतलं जातं, पोट साफ व्हायला. दुकानाच्या मालकीणबाई मिस पिनॉक यांच्याकडे रेगनं सहा पाकिटं मागितली. बाईंनी चष्म्यावरून पाहिलं आणि पुष्कळ दिवस त्रास आहे का, असं आवाज खाली आणून विचारलं. रेग म्हणाला की हे माझ्यासाठी नाही, बिअरसाठी आहे. बाईंनी समजुतीनं मान हलवली. लाजऱ्या गिऱ्हाइकांच्या असल्या सबबी त्यांनी आयुष्यभर ऐकल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाराशी सुक्या आलुबुखारांची पुडी होती. दुपारी पाद्रीबाई वाफवलेल्या रुबार्बचं भांडं ठेवून गेल्या. रविवारी चर्चमधून बाहेर पडताना बोलिंग क्लबच्या अध्यक्षांनी रेगच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो बराच वेळ काढलाच नाही. मोठमोठ्या पबमालकांना ज्यानं एका नजरेनं घाम फोडला, त्या माणसाच्या पोटाची चिंता आता सबंध गाव करत होतं. खुलासा करावा तर पाण्यात पुड्या टाकतोय हे बाहेर फुटणार. रेग मूग गिळून आलुबुखार खात राहिला, आणि त्याचे जे व्हायचे ते परिणाम झाले.

दुरुस्त पाण्यातली बिअर जूनच्या शेवटी तयार झाली. रेगनं एक घोट घेतला आणि ती मोरीत ओतली. चव कडवट, खारट आणि शिवाय औषधी होती. पुस्तकातलं गणित त्यानं तीनदा तपासलं, ते बरोबर होतं.

मग मात्र त्याचा संयम सुटला. त्यानं गावभर फिरून 'आमचं पाणी परत द्या' अशा अर्जावर एकसष्ट सह्या गोळा केल्या. आपलं पाणी चोरीला गेलंय हे कोणाला जाणवलं नव्हतं, पण छत्तीस वर्षांचा निरीक्षक सांगतोय म्हटल्यावर लोकांनाही नळातून काहीतरी कमी येतंय असं वाटू लागलं. अर्ज स्थानिक वर्तमानपत्रात छापून आला आणि कंपनीला जाग आली. जुलैच्या दुसऱ्या सोमवारी मिसेस हॉलंड नावाच्या निरीक्षक बाई पेटी घेऊन रेगच्या दारात हजर झाल्या.

रेगनं साक्षीदार म्हणून ग्रामसभेच्या चौघांना बोलावलं होतं. एंटविसल कुंपणाशी गुलाबांची छाटणी करत होते, जी त्यांनी आदल्या दिवशीच केली होती. मिसेस हॉलंडनी स्वयंपाकघरातल्या नळाचं पाणी काचेच्या नळीत घेतलं, चार थेंब टाकले आणि त्या म्हणाल्या, "खरंच की. यात जडपणा शून्य आहे."

रेगनं चौघांकडे पाहिलं. गेल्या दोन वर्षांत त्याची छाती एवढी फुगली नव्हती. बापाची आठवण होऊन त्याचे डोळेसुद्धा जरा ओलावले.

"बाहेर नळ आहे का?" मिसेस हॉलंडनी विचारलं.

बागेत, शेडजवळ एक जुना पितळी नळ होता, एमॉसच्या वेळचा. तिथलं पाणी नळीत घेतलं आणि चौथा थेंब पडायच्या आत ते लाल झालं. सगळे रांगेनं पुन्हा घरात आले. मिसेस हॉलंड काही न विचारता जिन्याखालच्या कपाटाशी गेल्या आणि त्यांनी दार उघडलं. व्हॅक्यूम क्लीनर आणि इस्त्रीचं टेबल बाजूला केल्यावर मागे गुडघाभर उंचीचं एक पांढरं यंत्र मंद आवाजात गुणगुणत होतं. शेजारी मिठाची पोती होती. ती पोती रेगच्या ओळखीची होती. हिवाळ्यात वाटेवर बर्फ झाला तर टाकायला म्हणून मेव्हिस ती आणायची. गेल्या चार हिवाळ्यांत बर्फ झाला नव्हता, तरी बायकोच्या दूरदृष्टीचं त्यानं वेळोवेळी कौतुक केलं होतं. त्या कपाटात मात्र तो कधी गेला नव्हता, कारण इस्त्री आणि झाडलोट यांच्याशी त्याचा संबंध नव्हता.

मिसेस हॉलंडनी समजावून सांगितलं की हे यंत्र पाण्यातलं कॅल्शियम काढून घेतं आणि त्याच्या जागी मिठातलं सोडियम सोडतं. कपड्यांना उत्तम, बिअरला वाईट. चौघे साक्षीदार आपापल्या बुटांकडे बघत होते.

मेव्हिस चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती.

"मेव्हिस," रेग म्हणाला, "हे कधीपासून?"

"साडेचार वर्षं झाली. नेव्हिलनं बसवलं, तू ब्लॅकपूलला परिषदेला गेला होतास तेव्हा."

"पण का?"

"चहावर तवंग यायचा, रेग." ती शांतपणे म्हणाली. "तीस वर्षं मी तुझ्या पाण्याचा चहा प्यायले. तुला सांगितलं असतं तर तू बसवू दिलं असतंस?"

"साडेचार वर्षं हा चहा..." रेगनं ट्रेवरच्या कपांकडे पाहिलं.

"आणि साडेचार वर्षं तू तो लोकांना दाखवतोयस," मेव्हिस म्हणाली. "मला प्रत्येक वेळी वाटायचं, आज सांगावं. पण तुला इतका आनंद व्हायचा."

एकसष्ट सह्यांचा अर्ज मागे घ्यायला प्रत्येक घरी जावं लागलं. ते वर्णन इथे नको. माणसाला पत नावाची काही चीज असते आणि रेगनं ती त्या दोन दिवसांत दारोदार वाटली. पाद्रीबाईंनी दार उघडून आधी पोटाची चौकशी केली, एवढं सांगितलं तरी पुरे.

बुधवारी तो बागेतल्या नळापाशी बसला होता. तेवढ्यात कुंपणाच्या फाटकातून एंटविसल दोन मोठे कॅन घेऊन आत आले आणि त्याला पाहून जागीच थांबले. बुधवारी यावेळी रेग बोलिंग क्लबात असायचा. आज तिकडे जाण्याचं त्याला धैर्य झालं नव्हतं.

"मिसेस टनिक्लिफनी सांगितलं नाही वाटतं तुम्हाला," एंटविसल कानापर्यंत लाल होऊन म्हणाले. त्यांच्या घरातही तसंच यंत्र होतं, आधीच्या मालकानं बसवलेलं, आणि त्यांचा एकूण एक नळ त्याच्यावर जोडलेला होता. म्हणून बिअरसाठी ते मेव्हिसच्या परवानगीनं या नळाचं पाणी न्यायचे. पहिल्या वर्षापासून.

रेगनं आधी कॅनकडे पाहिलं, मग नळाकडे. "म्हणजे दोन वर्षं चषक जिंकला तो..."

"या नळाच्या पाण्यानं. मी तर सगळ्यांना सांगतो, असं पाणी मी जन्मात पाहिलं नाही. मँचेस्टरला अशी बिअर मला कधीच जमली नव्हती."

रेग उठून उभा राहिला. दोन दिवस खाली गेलेली मान आपोआप वर आली. म्हणजे चषक बाहेर गेलाच नव्हता म्हणायचा. एमॉस टनिक्लिफचं पाणी, एमॉस टनिक्लिफचा नळ, फक्त ढवळणारा हात मँचेस्टरचा. मग त्याच्या लक्षात दुसरी गोष्ट आली. नळ त्याचा होता. आज त्यानं नाही म्हटलं, तर एंटविसलना या ऑगस्टसाठी पाणी मिळणार नव्हतं, आणि चषक कायमचा त्यांचा होणार नव्हता. नियमावलीत शेजाऱ्याला पाणी देण्याबद्दल एक अक्षर नव्हतं. ते त्याला पाठ होतं.

एंटविसलनाही ते कळलं असावं. त्यांनी कॅन मागे घेतले. "मी दुसरीकडे बघतो काहीतरी," ते म्हणाले.

रेगनं त्यांच्या हातातून कॅन घेतले, नळ सोडला आणि दोन्ही कॅन भरले. खाली वाकून, डोळा रेषेच्या पातळीवर आणून, रेषेला अगदी टेकेल इतकं. पहिला कॅन एक बोटभर जास्त भरला होता, तेवढं पाणी त्यानं काढून टाकलं. "छत्तीस वर्षं कुणाला माप कमी दिलं नाही मी," तो म्हणाला. "आता या वयात तुमच्यापासून सुरुवात करत नाही."

त्या दिवसापासून पुड्या बंद झाल्या. गणितं बंद झाली. बाप काय करायचा ते रेगला आठवलं. बाप पाणी आधी नुसतं उकळायचा आणि शेडमध्ये गार करत ठेवायचा, आणि पाण्यातला खडू तळाशी बसेपर्यंत भांड्याला धक्का लावणाऱ्याच्या पाठीत धपाटा घालायचा. मग वरचं नितळ पाणी अलगद काढून घ्यायचा. रेगनं तसंच केलं. शेडच्या दाराशी खुर्ची टाकून तो भांड्यावर पहारा करत बसला आणि नेव्हिल सल्ला द्यायला आला तेव्हा त्याला फाटकातूनच परत पाठवलं.

प्रदर्शनाच्या दिवशी तंबूत बिअरच्या टेबलाभोवती गाव लोटलं होतं. परीक्षक बाई दुसऱ्या जिल्ह्यातल्या. त्यांनी शेवटी दोन ग्लास समोर ठेवले आणि या दोन्हींचा कडवटपणा सख्ख्या भावांसारखा आहे असं म्हणाल्या. एंटविसल आणि रेग एकमेकांकडे बघायचं टाळत होते. बाईंनी एक ग्लास पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला, आणि अर्ध्या गुणानं निकाल दिला. पहिला, रेजिनाल्ड टनिक्लिफ.

सर्वांत आधी टाळ्या वाजवल्या त्या एंटविसलनी. चषक हातात आल्यावर रेगनं भाषण केलं. ते बावीस मिनिटं चाललं आणि पूर्णपणे पाण्याबद्दल होतं. पहिल्या आणि दुसऱ्या, दोन्ही क्रमांकांचं पाणी एकाच नळाचं आहे, हे त्यानं तीनदा सांगितलं. बाप असता तर त्यानं एवढं बोलू दिलं नसतं, पण बापाला ऐकायला आवडलं असतं याबद्दल रेगला शंका नव्हती. आणि गावानं, ज्यानं दीड महिनाभर त्याची यथेच्छ टिंगल केली होती, शेवटी उभं राहून टाळ्या दिल्या.

घरी आल्यावर चषक शेकोटीवरच्या फळीवर ठेवून तो म्हणाला, "मेव्हिस, आज चहा बागेतल्या नळाचा कर. यापुढे या घरात तोच होईल."

मेव्हिसनं बाहेरून किटली भरून आणली, टीपॉट त्याच्या आवडीप्रमाणे आधी गरम करून घेतला, चहा मुरवला आणि कप त्याच्या पुढ्यात ठेवला. चहावर मळकट तवंग तरंगत होता आणि कपाच्या कडेला त्याचं वर्तुळ उमटलं होतं. रेगनं सवयीप्रमाणे कप उजेडाकडे धरला आणि लगेच खाली घेतला. बापाच्या चषकाकडे बघत, एकेक घोट करत, त्यानं तो कप तळापर्यंत रिकामा केला.

"कसा झालाय?" मेव्हिसनं विचारलं.

"अस्सल," रेग म्हणाला. "याला म्हणतात मार्ल्सवर्थचं पाणी."

मग रिकामा कप त्यानं हळूच तिच्याकडे सरकवला.

"आता दुसरा कप," तो म्हणाला, "आतल्या नळाचा कर."